समुद्रकाठचे लग्न

(पाठाचा परिचय : महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर शेकडो वर्षांपासून ज्यू धर्माचे लोक राहत आले आहेत. त्यांना 'बेने इस्राएल' म्हणतात. त्यांची बोलीभाषा मराठी आहे. या पाठात लेखकाने तुम्हांला त्यांच्या एका लग्नाला नेले आहे. लग्नाचा प्रसंग कल्पिलेला आहे. पण त्यातील चालीरीती, स्थळे आणि इतिहास खरा आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, लग्नाला जायला कोणाला आवडत नाही? नवे कपडे, पाहुण्यांची गर्दी, गोडधोड जेवण आणि मित्रांबरोबर हुंदडायला मोकळीक! तुम्ही अनेक निकाह पाहिले असतील. शेजाऱ्यांच्या घरी मंगलाष्टकेही ऐकली असतील. पण ज्यू लोकांचे लग्न तुम्ही पाहिले आहे का? नसेल, तर आज आपण त्या लग्नाला जाऊ.

समजा, तुम्ही अलिबागला राहता. तुमच्या शेजारी तुमचा एक मित्र राहतो. त्याच्या मामेबहिणीचे लग्न ठरले आहे. नवरा मुलगा इस्राएलमधील अश्दोद या शहरातून येणार आहे. त्याचे आजोबा अलिबागजवळच्याच एका खेड्यातले होते. लग्न रविवारी दुपारी साडेचार वाजता आहे आणि ते होणार आहे नवगावच्या समुद्रकिनाऱ्यावर.

नवगावच का? त्यामागे एक जुनी कथा आहे. बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज जहाजातून येत असताना नवगावजवळ ते जहाज खडकांवर आपटून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते गावकऱ्यांच्या मदतीने तिथेच पुरली गेली. नवगावला त्यांचे स्मारक उभारलेले आहे. ही परंपरेने आलेली कथा आहे. तिचा लेखी पुरावा नाही. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासात असे दिसून आले की, या लोकांच्या रक्तात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा आहे.

वाचलेल्या त्या माणसांजवळ काहीच उरले नव्हते. त्यांच्या वंशजांनी कोकणातील खेड्यांत वस्ती केली. ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शेती करू लागले. मराठी ही त्यांची मायबोली झाली. ज्या गावी राहिले, त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले. पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर, रोहेकर ही त्यांची आडनावे ऐकून कोणाला वाटेल की ही माणसे कधी परकी होती? आपला धर्म मात्र त्यांनी सोडला नाही. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी ते घाणा बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

आता लग्नघरी चला. शनिवारची संध्याकाळ आहे. अंगणात मांडव आहे; पण अजून चूल पेटलेली नाही, दिवे लावलेले नाहीत. सगळे जण आकाशाकडे पाहत आहेत. शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू झालेला 'शब्बाथ' शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. तोवर कोणतेही काम करायचे नाही. मुले गच्चीवर चढून तारे शोधत आहेत. ईदचा चाँद शोधताना तुमची जी धांदल उडते, तशीच ही धांदल. "एक दिसला! दोन! तो बघा, माडाच्या शेंड्यावर तिसरा!" आणि मग क्षणात घर जागे होते.

आता मेहंदीचा कार्यक्रम सुरू होतो. होय, मेहंदीचाच! बेने इस्राएल वधूच्या हातांवर आदल्या रात्री मेहंदी काढतात. वराच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटालाही मेहंदी लावतात. बायका मराठी गाणी म्हणतात. वधूच्या हातात हिरव्या बांगड्या किणकिणतात.

एका मोठ्या ताटात 'मलीदा' मांडलेला आहे. तुमच्या ओळखीचाच शब्द, नाही का? पण हा मलीदा वेगळा. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुकामेवा एकत्र करून तो बनवतात. भोवती फळे ठेवतात. हा मलीदा संदेष्टे एलियाहू यांच्या स्मरणार्थ असतो. बेने इस्राएल त्यांना 'एलियाहू हन्नाबी' म्हणतात. 'नबी' म्हणजे काय, हे तुम्हांला कोणी सांगायला नको. कुराणात ज्यांना हजरत इलियास म्हटले आहे, तेच हे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहूंचा रथ तिथे उतरला, अशी या लोकांची श्रद्धा आहे. नवस फेडायला ते त्या खडकापाशी जातात.

रविवार उजाडतो. सकाळी घरचे लोक अलिबागच्या इस्राएल आळीतील 'मागेन आबोत' या प्रार्थनालयात जाऊन येतात. १८४८ साली स्थापन झालेले हे प्रार्थनालय १९१० साली पुन्हा बांधले गेले. ज्यूंच्या प्रार्थनालयाला सिनेगॉग म्हणतात. पण कोकणातील जुनी बेने इस्राएल माणसे त्याला सरळ 'मशीद' म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनालय १७९६ साली उभे राहिले. मशीद या रेल्वे स्थानकाला त्यावरूनच नाव पडले, असे सांगितले जाते. पूर्वी बेने इस्राएल लोकांच्या धर्मकार्य करणाऱ्या प्रमुखांना 'काजी' म्हणत असत. शेजाऱ्यांचे शब्द असे शेजाऱ्यांच्या घरात सहज जाऊन बसतात.

मित्राची आजी मात्र थोडी नाराज आहे. ती म्हणते, "लग्न मशिदीतच शोभते. माझे तिथेच झाले. वाळूत कसले लग्न?" यावर नवरा मुलगा अडखळत मराठीत म्हणतो, "आजी, आमचे पहिले घर वाळूतच होते ना?" आजी काही बोलत नाही. पण दुपारी सर्वांत आधी तीच पांढरी साडी नेसून तयार होते.

दुपारी आपण नवगावला पोहोचतो. सुरूच्या झाडांपलीकडे वाळू पसरलेली आहे. चार कोळी तरुण वाळूत चार बांबू रोवत आहेत. त्यांवर पांढरे कापड ताणून बांधले जाते. हा झाला 'हुप्पा'. हुप्पा म्हणजे नव्या संसाराचे घर. त्याला भिंती नसतात. आलेल्या माणसाला चारही बाजूंनी आत येता यावे, असा त्याचा अर्थ सांगतात.

समुद्रकाठी लग्न करायचे, तर घड्याळाबरोबर भरती-ओहोटीही पाहावी लागते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. आज दुपारी दोनच्या सुमारास पूर्ण ओहोटी होती. म्हणून साडेचारची वेळ धरलेली आहे. सहानंतर पाणी हुप्प्याच्या बांबूंपर्यंत येईल.

साडेचार वाजतात. दोनशे माणसे जमली आहेत. शेजारी, शिक्षक, कोळीवाड्यातील बाया, तुमचे अब्बा आणि अम्मी, सगळे आले आहेत. वधू आली, वर आला. प्रार्थना सांगणारे वृद्ध 'हझान' आले. तरी लग्न सुरू होत नाही. का बरे?

ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांच्या गटाला 'मिन्यान' म्हणतात. लग्नातील सात आशीर्वाद म्हणताना मिन्यान हवा. आणि इथे वर आणि हझान धरून नऊच पुरुष आहेत. वधूचे दोन काका मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघाले होते. पण ओहोटीमुळे रेवसच्या खाडीत पाणी उतरले आणि लाँच अडकली. जी ओहोटी लग्नासाठी सोयीची ठरली, तिनेच पाहुण्यांची वाट अडवली!

तुम्हांला नवल वाटेल. दोनशे माणसांत एक माणूस कमी? पण त्याचे कारण समजून घ्या. भारत स्वतंत्र झाला, त्या सुमारास आपल्या देशात वीस हजारांहून अधिक बेने इस्राएल होते. १९४८ साली इस्राएल हा देश स्थापन झाल्यावर त्यांच्यातील बहुतेक लोक हळूहळू तिकडे गेले. तिथेही त्यांची वाट सोपी नव्हती. काही धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहसंबंधांविषयी शंका घेतली. बेने इस्राएल लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. अखेर १९६४ साली ते सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत, असे तिथल्या संसदेत जाहीर झाले. तिकडे गेल्यावरही त्यांनी मराठी टाकली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्राएलमधून काढले. इकडे कोकणात मात्र त्यांची घरे एकेक करून बंद झाली. आता भारतात सारे मिळून काही हजार ज्यू उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. पण दर्जा मिळाला, तरी किनाऱ्यावर दहावा माणूस कुठून आणायचा?

सव्वापाच होतात. पाणी पुढे सरकू लागते. एक लाट हुप्प्यापासून दहा पावलांवर येऊन परत जाते. तुमचे अब्बा म्हणतात, "मी रिक्षा घेऊन रेवसला जातो." पण जाऊन यायला वेळ लागणार. वधूचे वडील एकदा रस्त्याकडे पाहतात, एकदा समुद्राकडे पाहतात.

इतक्यात हझान हसतात. वाळूत तुमच्याबरोबर शंख वेचत असलेल्या तुमच्या मित्राकडे ते बोट दाखवतात.

"अरे, तुझा वाढदिवस कधी झाला?"

"मागच्या महिन्यात."

"किती वर्षे पूर्ण झाली?"

"तेरा."

"मग तू लहान कसा? ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की प्रौढांत मोजला जातो. हा उभा आहे आपला दहावा माणूस! ये बाळ, हात धू आणि इथे उभा राहा."

तुमचा मित्र हातातले शंख तुमच्या ओंजळीत ठेवतो. पँटची वाळू झटकतो. कोणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवते. कालपर्यंत ज्याला सगळे 'अरे पोरा' म्हणून कामे सांगत होते, त्याच्यासाठी आज लग्न थांबले होते. तो गंभीर चेहरा करून रांगेत उभा राहतो. आजी पदराने डोळे टिपते.

आता विधी सुरू होतो. वधू हुप्प्याकडे येत असताना वर तिच्या स्वागताचे हिब्रू गीत गातो. पेल्यात काळ्या मनुकांचे सरबत आहे. त्यावर आशीर्वाद म्हणून दोघे एकेक घोट घेतात. मग दोन साक्षीदारांसमोर वर वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो. अंगठी साधी असते. तिच्यात खडा नसतो.

त्यानंतर 'केतुबा' वाचला जातो. केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा. तो अरामी या प्राचीन भाषेत असतो. पत्नीला अन्न, वस्त्र आणि मान देण्याची जबाबदारी पतीवर आहे, असे त्यात लिहिलेले असते. ताटातूट झाली किंवा पतीचा मृत्यू झाला, तर पत्नीला किती रक्कम मिळावी, हेही त्यात नमूद करतात. तुम्हांला निकाहनामा आणि मेहर आठवले असतील. वाऱ्याने कागद फडफडू लागतो. तुमचा मित्र पुढे होऊन त्याचे एक टोक धरतो.

मग दहा पुरुषांच्या उपस्थितीत सात आशीर्वाद म्हटले जातात. त्यांना हिब्रूत 'शेवा बेराखोत' म्हणतात. शेवटी काचेचा पेला कापडात गुंडाळून वाळूवर ठेवलेल्या फळीवर ठेवतात. वर तो बुटाने फोडतो. आनंदाच्या क्षणी काच का फोडायची? इ. स. ७० मध्ये जेरुसलेम येथील ज्यूंचे पवित्र मंदिर उद्‌ध्वस्त झाले. त्या दुःखाची आठवण आनंदातही राहावी, म्हणून ही प्रथा आहे. काच फुटताच सगळे ओरडतात, "माझल तोव!" म्हणजे भाग्य लाभो! कापडाची घडी जपून उचलली जाते. कारण याच वाळूत उद्या कोळ्यांची मुले अनवाणी खेळणार आहेत.

जेवायला सुरूच्या बनात पंगत बसते. पापलेटचे कालवण आहे. कोळंबी मात्र नाही. ज्यू धर्माप्रमाणे पर आणि खवले असलेलाच मासा चालतो. मांस आणि दूध एकत्र खाणे वर्ज्य आहे. म्हणून मटणाच्या रश्शात आणि गोडाच्या पदार्थांत नारळाचे दूध वापरलेले आहे. कोकणात नारळाला काय तोटा! डुकराचे मांस ज्यू खात नाहीत, हेही तुम्हांला आपलेसे वाटेल. मुंबईचे काका एव्हाना पोहोचलेले असतात. ते तुमच्या मित्राच्या पाठीवर थाप मारतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हिब्रू आणि अरबी या बहिणी-बहिणी आहेत. अरबीतले कितीतरी शब्द उर्दूत आले. म्हणून या लग्नातले हिब्रू शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. 'शालोम' ऐका आणि 'सलाम' आठवा. 'केतुबा' आणि 'किताब', 'बेराखा' आणि 'बरकत', 'योम' आणि 'यौम' या जोड्या पाहा. 'बेने इस्राएल' म्हणजेच 'बनी इस्राईल'. हे लोक हिब्रूत प्रार्थना करतात आणि मराठीत भांडतात, हसतात, अंगाई गातात. तुम्हीही घरी उर्दू बोलता, शाळेत मराठी शिकता. एका माणसाच्या मनात दोन भाषा सुखाने नांदू शकतात, हे तुमच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार?

मुंबईत माझगावला १८७५ साली बेने इस्राएल समाजाने एक शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी हायस्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्यू मुलांची संख्या घटत गेली, तसे त्या शाळेत इतर समाजांची मुले आली. त्यांत मुस्लीम मुले पुष्कळ होती. शाळा ज्यांनी काढली ते दूर गेले; पण शाळेची घंटा वाजत राहिली. वस्ती अशीच टिकते. कोणी घर बांधतो, कोणी त्यात दिवा लावतो.

मित्रांनो, संख्येने लहान असलेल्या समाजात प्रत्येक माणूस मोलाचा असतो. खरे तर मोठ्या समाजातही तसेच असते. फक्त तिथे ते चटकन ध्यानात येत नाही. तुमच्या गावात, तुमच्या आळीत वेगळ्या चालीरीती पाळणारे कोणी राहत असेल, तर त्यांच्या आनंदाला जरूर जा. तिथे काय चालले आहे, ते नम्रपणे विचारा. सांगायला त्यांना आवडेल.

शब्दार्थ

पूर्वज – वाडवडील, आबा-ओ-अजदाद
वंशज – पुढच्या पिढ्यांतील माणसे, औलाद
मायबोली – मातृभाषा, मादरी जबान
घाणा – तेल काढण्याचे यंत्र, कोल्हू
संदेष्टा – ईश्वराचा संदेश सांगणारा, पैगंबर
वधू – नवरी, दुल्हन
वर – नवरा मुलगा, दूल्हा
तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट
प्रौढ – वयाने मोठा, बालिग
वर्ज्य – न चालणारे, मना असलेले
कालवण – पातळ आमटी, सालन

वाक्प्रचार

धांदल उडणे – घाई-गडबड होणे
नवस फेडणे – मन्नत पूर्ण करणे
तोटा नसणे – कमतरता नसणे
ध्यानात येणे – लक्षात येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेने इस्राएल लोकांची बोलीभाषा कोणती आहे?
(आ) शब्बाथ केव्हा संपतो?
(इ) मलीदा कोणाच्या स्मरणार्थ करतात?
(ई) मिन्यान म्हणजे काय?
(उ) केतुबा कोणत्या भाषेत असतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) गावकरी बेने इस्राएल लोकांना 'शनवार तेली' म्हणत.
(आ) वधूचे काका वेळेवर पोहोचू शकले नाहीत.
(इ) लग्नात काचेचा पेला फोडतात.
(ई) मटणाच्या रश्शात नारळाचे दूध वापरले होते.

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "आमचे पहिले घर वाळूतच होते ना?"
(आ) "मग तू लहान कसा?"

प्र. ४. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) नवगावची कथा तुमच्या शब्दांत सांगा. तिच्यातील परंपरेने आलेला भाग कोणता आणि अभ्यासातून कळलेला भाग कोणता, ते लिहा.
(आ) निकाह आणि बेने इस्राएल विवाह यांतील तीन साम्ये व दोन फरक लिहा.
(इ) दहावा माणूस म्हणून उभे राहताना मुलाला काय वाटले असेल?

प्र. ५. वाक्यात उपयोग करा.
धांदल उडणे, ध्यानात येणे, डोळे टिपणे, पाठीवर थाप मारणे.

प्र. ६. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(अ) वर हिब्रू गीत गातो. (भूतकाळ करा.)
(आ) मुले तारे शोधत आहेत. (भविष्यकाळ करा.)
(इ) त्याला भिंती नसतात. (होकारार्थी करा.)

उपक्रम : मराठीत रुळलेले आणि उर्दूतही असलेले वीस शब्द जमवा. प्रत्येक शब्द मराठीत कोणत्या अर्थाने वापरतात, ते घरच्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसांना विचारून वहीत लिहा.